बिननंबरी परिच्छेद

(इ) आणि सात यांच्या मधे एक परिच्छेद नुसताच उभा होता. त्याला नंबर नव्हता. वरच्या (अ), (आ), (इ) सारखा तो आत सरकलेला नव्हता आणि खालच्या सातसारखा समासाला टेकलेलाही नव्हता. मधेच कुठेतरी होता, तळ्यात ना मळ्यात. तिने माउस त्याच्यावर नेला आणि तिथेच थांबली. दोनच वाक्यं होती. 'बहीण सध्या राहत आहे ती घरामागील खोली बहिणीकडे राहील. तिच्या जाण्यायेण्यास कोणीही हरकत घेणार नाही.' बहीण म्हणजे ती स्वतःच. आपल्याविषयी कागदावर लिहिलेलं वाचताना माणूस उगीचच सावरून बसतो, तशी ती खुर्चीत सावरून बसली. ऑफिसात शेजारच्या टेबलावर कुणीतरी डबा धुऊन पालथा घातला होता आणि त्याचं पाणी कागदांच्या दिशेने हळूहळू सरकत होतं. एरवी तिने उठून पुसलं असतं. आज नुसती बघत राहिली.

फाइल दादाने पाठवली होती. घराच्या वाटणीचा करार. बाबा गेल्यावर घर आईच्या आणि तिघा भावंडांच्या नावावर आलं, आणि आता आई थकत चालली तेव्हा सगळं वेळेवर कागदावर आलेलं बरं, असं दादाचं म्हणणं पडलं. वकिलाने मुद्दे सांगितले आणि टायपिंग दादाने स्वतः केलं. त्यामुळे नंबर हाताने घातलेले, कुठे टिंब तर कुठे कंस, एखादा आत तर एखादा बाहेर. पूर्णविरामांआधीच्या फाजील जागा तिने आधीच पुसल्या होत्या. 'तू जरा ते नीट लावून दे, तुझं रोजचंच आहे,' असं म्हणून त्याने ते तिच्याकडे ढकललं होतं. रोजचंच होतं हे खरं. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत ती देखभालीच्या पुस्तिका लावायची. इंजिनीअर लोक वाटेल तसं लिहून पाठवत आणि ती त्याला नंबर लावून माणसात आणत असे. ऑफिसात तिला नंबरताई म्हणत. आधी चेष्टेने म्हणत, मग सवयीने, आणि आता नव्याने आलेल्यांना ते तिचं खरंच नाव वाटत असे.

काम तसं किरकोळ. यंत्राला एकदा सांगून ठेवायचं, की पहिल्या पातळीला एक, दोन, तीन. दुसरीला अ, आ, इ. प्रत्येक पातळी किती आत सरकवायची, आणि वरचा नंबर बदलला की खालचे पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. एवढं ठरवून दिलं की पुढचं सगळं आपोआप होतं. मधे एखादं कलम घातलं तर खालची सगळी मुकाट्याने एकेक घर पुढे सरकतात, काढलं तर मागे येतात, आणि तिथे काही होतं याची खूणसुद्धा राहत नाही. टॅब दाबला की परिच्छेद एक पातळी आत जाऊन वरच्याच्या पदराखाली बसतो. शिफ्ट धरून टॅब दाबला की बाहेर येतो आणि आपल्या पायावर उभा राहतो. कोण कुणाच्या खाली, एवढंच फक्त माणसाने ठरवायचं असतं. ते न ठरवता पुढे जाता येत नाही, आणि तिथेच ती आता अडली होती.

कारण सहाव्या कलमाचा मथळा होता 'आई हयात असेपर्यंतची व्यवस्था'. त्याच्या पोटात आईचं औषधपाणी, सोबतीची बाई, दवाखान्याच्या खेपा. आणि सातव्याचा मथळा 'आईच्या पश्चात घराची विक्री'. परिच्छेद टॅब दाबून सहाच्या खाली ढकलला तर खोली तिची, पण आई असेपर्यंत. बाहेर काढून त्याला स्वतःचा नंबर दिला तर खोली तिची, आई असो वा नसो, आणि घर विकायचं झालं तर आधी तिला विचारावं लागणार. अक्षरही बदलायला नको. टॅबवर टेकलेल्या करंगळीखाली होतं सगळं. कलम दोनमध्ये तर स्वच्छच लिहिलं होतं, की बहिणीने आपला हिस्सा स्वखुशीने दोघा भावांच्या नावे सोडला आहे. तसं ती बोललीही होती. जेवणाच्या टेबलापाशी सगळे बसले होते, धाकटा फोनवरून ऐकत होता, आणि दादा म्हणाला होता, 'तुझं काय गं, तू आहेसच की, खोली तुझीच आहे.' तेव्हा ते वाक्य ऊबदार वाटलं होतं. त्याच्यात किती वर्षं मावतात हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

पूर्वी एकदा एका पुस्तिकेत 'मुख्य स्विच बंद करा' ही पायरी कुणाच्या तरी हातून टॅब लागून आत गेली होती. वरची पायरी होती 'लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली असल्यास'. म्हणजे वाचणाऱ्याने काय समजायचं, तर लिफ्ट अडकली असली तरच स्विच बंद करायचा, नाहीतर चालू ठेवूनच हात घालायचा. शब्द सगळे जागच्या जागी, शुद्धलेखन चोख, दोन इंजिनीअर आणि एक साहेब यांच्या नजरेखालून पान गेलेलं. चूक दिसली ती फक्त तिला. तिने ती पायरी बाहेर ओढली आणि त्यानंतर कितीतरी दिवस लिफ्टमध्ये शिरताना ती वर तारांच्या दिशेने बघत असे. त्या वेळी तिला जराही शंका आली नव्हती, की खरी जागा कुठली. आज येत होती. आज आपल्याला जे हवंय तेच आपल्याला खरं वाटतंय का, हे तिला कळेना.

जेवणाची सुट्टी संपली, लोक खुर्च्या ओढत बसले. तिने फाइल खाली घेतली आणि ब्रेकच्या पट्ट्या बदलण्याचं प्रकरण समोर घेतलं, पण मन त्या मधल्या परिच्छेदापाशीच घुटमळत राहिलं. ती त्या खोलीत राहायला कधी आली हे तिला सांगता आलं असतं, का आली हेही. पण राहिली कधी, ते नाही. दुसऱ्या गावात नोकरी होती, एका मैत्रिणीबरोबर भाड्याची जागा होती, गॅलरीत दोघींच्या दोन खुर्च्या होत्या. बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती पंधरवड्याची रजा काढून आली. दादाच्या मुलीची परीक्षा होती, धाकट्याचं नुकतंच बाहेर जायचं ठरत होतं. पंधरवडा संपला तेव्हा तिने जायचं की राहायचं असा प्रश्न कुणी विचारलाच नाही. तिनेही विचारला नाही. मैत्रिणीने खुर्चीसकट सामान टेंपोने पाठवून दिलं. मागची खोली तेव्हा अडगळीची होती. तिने ती रिकामी केली, खिडकी मोठी करून घेतली, ओल येणाऱ्या भिंतीला दोनदा रंगाचा हात दिला, आणि आतून कडी बसवून घेतली तेव्हा आई म्हणाली होती, की कडी कशाला, घरात कोण परकं आहे. कपाटाचं दार नीट लागत नाही म्हणून फटीत ती पुठ्ठ्याची घडी घालते. खिडकीतून शेजारच्यांची भिंत आणि एक पाण्याचा पाइप दिसतो. सांगण्यासारखी खोली नव्हे. पण संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ती दार लोटून खुर्चीत बसते आणि पायांतल्या चपला काढते, तेव्हा सबंध दिवसात पहिल्यांदा तिच्या खांद्यांचा ताण उतरतो. पन्नाशी उलटलेल्या बाईला याहून मोठं काय सांगता येणार होतं.

त्याआधीही काही वेगळं नव्हतं म्हणा. लहानपणी बाबांच्या स्कूटरवर धाकटा पुढे उभा, दादा मागे, आणि तिला सांगितलं जाई, 'तू आईबरोबर ये.' स्टुडिओत काढलेल्या एकुलत्या एका फोटोत दोन्ही मुलगे स्वतंत्र उभे आहेत आणि ती आईच्या खुर्चीला धरून उभी आहे; एक हात खुर्चीमागे गेलेला, दिसतच नाही. फोटोग्राफर म्हणाला होता, आईला धरून उभी राहा. ती अजून तशीच उभी आहे हे तिला आता जेवढं लख्ख दिसलं तेवढं आजवर कधी दिसलं नव्हतं, आणि त्याचा तिला राग आला. राग कुणाचा करायचा हेही समजेना. फोटोग्राफर तर केव्हाच मेला असेल.

चहाच्या वेळी जिन्यात जाऊन तिने दादाला फोन लावला. त्या मागच्या खोलीच्या परिच्छेदाला नंबर नाही, तो कुठे धरू, एवढंच विचारलं. आवाज शक्य तितका ऑफिसातला ठेवला. दादा म्हणाला, 'अगं टाक कुठेही. नंबराचं काय एवढं, त्यातली जाणकार तूच.' मागून वहिनीने काहीतरी विचारलं आणि दादाने तिला सांगितलेलं ऐकू आलं, की काही नाही, फाइलचं काहीतरी. मग आईची गोळी बदलली का, बाई वेळेवर येते का, असं तो नेहमीसारखं बोलला. दादा मनाचा वाईट नाही. तिला कॉलेजात पहिलं घड्याळ त्यानेच आणलं होतं. फोन ठेवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं, की ती दोन मजले लिफ्ट न घेता चढून गेली. 'टाक कुठेही' म्हणजे त्याला फरक पडत नव्हता. आणि त्याला पडत नव्हता तर आपण त्याच्यावर उगीचच संशय घेतला, याची तिला लाजही वाटली. जागेवर बसून तिने परिच्छेद बाहेर काढला. त्याला सात नंबर मिळाला आणि विक्रीचं कलम निमूटपणे आठ झालं. कलम तीनमध्ये 'कलम ७ प्रमाणे विक्री' असं हाताने लिहिलेलं होतं, तिथे तिने हाताचा आकडा काढून यंत्राचा बसवला, म्हणजे कलम हललं की उल्लेखही त्याच्यामागे जाईल. सगळं एकदा खालपर्यंत वाचून तिने ते दादाला, धाकट्याला आणि वकिलाला पाठवून दिलं. त्या दिवशी घरी जाताना तिने खोलीसाठी नवा पडदा बघितला. घेतला नाही, पण बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दादाची उलट टपाली फाइल आली. खाली एक ओळ: 'थोडं नीट केलं आहे . रविवारी सगळे जमू , सह्या उरकून टाकू .' स्वल्पविरामाच्या आणि पूर्णविरामाच्या आधी जागा सोडायची ही दादाची जुनी खोड, टाइपरायटरवर शिकलेली. तिने फाइल उघडली. वरवर सगळं तसंच होतं. सहा होतं, त्याच्या खाली (अ), (आ), (इ) होते, आणि त्यांच्या खाली, त्यांच्याच रांगेत, (ई) होता. 'बहीण सध्या राहत आहे ती घरामागील खोली बहिणीकडे राहील .' विक्रीचं कलम पुन्हा सात झालं होतं.

तिने छपाईत न दिसणाऱ्या खुणा दाखवायचं बटण दाबलं. हे बटण ती दिवसातून शंभरदा दाबते; दुसऱ्याच्या फाइलीत काय काय लपलंय ते त्याने दिसतं. स्पेसबार एकदा दाबला की तिथे एक बारीक टिंब दिसतं. (ई)च्या मागे टिंबांची रांग होती. दादाला टॅब माहीत नव्हता. त्याने आधी नंबर खोडला होता, वाक्यं स्वतः पुन्हा टाइप केली होती, मग स्पेसबार दाबत दाबत परिच्छेद आत ढकलला होता, वरच्या (इ)च्या बरोबरीला येईपर्यंत. एक टिंब जास्त झालं म्हणून पुसलंही असेल. दुसरी ओळ आपोआप समासाला परत येत होती, म्हणून त्याने ती मधेच तोडली होती आणि तिच्याही मागे टिंबं घातली होती. तिसरीच्याही मागे. फोनवरचं घड्याळ बदलायला जो माणूस आपल्या मुलीला हाक मारतो, चष्मा कपाळावर चढवून एका बोटाने टाइप करतो, तो यापायी रात्र की पहाट कुठेतरी बसला होता आणि अंगठ्याने, न कंटाळता, तिला एकेक टिंब आत सारत होता. वहिनीचं काम म्हणून सोडून द्यायची सोयही नव्हती. पूर्णविरामाच्या आधी सोडलेली ती जागा दुसऱ्या कुणाची असणं शक्य नव्हतं.

ती उठली आणि तोंड धुऊन आली. परत आली तर एक इंजिनीअर टेबलाशी उभा होता, त्याच्या पानावर नंबर एकदम चौदापासून सुरू होत होते. तिने माउसच्या दोन टिचक्यांत ते पहिल्यापासून सुरू करून दिले. तो म्हणाला, 'नंबरताई, तुमचं बरं आहे, सगळं आपोआप.' ती हसली. तो गेल्यावर तिने दादाची फाइल पुन्हा समोर घेतली. खोलीचं दुःख होतंच. पण दादाने सांगितलं असतं, की बाई गं, आईनंतर घर विकावं लागेल, तुझी दुसरी काही सोय बघू, तर ती रडली असती, भांडली असती, आणि शेवटी कदाचित हो म्हणालीही असती. त्याने 'टाक कुठेही' म्हटलं. आणि ती बिनघोर झोपली. हे तिच्या जिव्हारी लागलं होतं.

दिवस कसाबसा ढकलला. संध्याकाळी आईच्या पलंगाशी बसून ती तिची नखं कापत होती, आणि आई म्हणाली, की आज तुझं लक्ष कुठे आहे, बोट कापशील. मग, छताकडे बघत, आईने त्या कागदाचं काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, होतंय, रविवारी सह्या आहेत.

'तुझं पहिलं लिहिलंय ना?' आई म्हणाली. 'मी दादाला सांगितलं होतं. आधी हिचं लिही, मग तुमचं दोघांचं काय ते लिहा.'

'कधी सांगितलं होतंस?'

'तेव्हाच. सुरुवातीलाच. हो म्हणाला होता तो.' आईने दुसरा हात पुढे केला. 'करंगळीचं राहिलंय.'

तिने करंगळीचं नख कापलं. आईला काही सांगितलं नाही. खोलीत जाऊन दार लोटलं, कडी घातली, आणि खुर्चीत बसली तरी खांदे उतरले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं बाबा म्हणत. इतकी वर्षं तिने ती झाकलेली मूठच सांभाळली होती. विचारलं नाही तोवर उत्तरही नव्हतं, आणि उत्तर नव्हतं तोवर खोली तिची होती. आता मूठ उघडलीच होती, आणि तीही तिने नाही, दादाने. गप्प राहिलं तर रविवारी चहा होईल, दादा तिची चौकशी करील, वहिनी सगळ्यांना पुढचा बेत विचारील, आणि ती (ई) खाली सही करील. सगळं सुरळीत होईल. आणि एके दिवशी आई नसेल. या दोन गोष्टींपैकी कुठली जास्त भयंकर, ते तिला ठरवता येईना. पुठ्ठ्याची घडी निसटून कपाटाचं दार हळूच उघडलं. तिने उठून ते लावलं, घडी पुन्हा घातली, थोड्या वेळाने ते पुन्हा उघडलं, आणि ती पुन्हा उठली.

सकाळी ती ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचली. फाइल उघडली, खुणा दिसू दिल्या, आणि दादाची टिंबं पुसायला घेतली. सगळी एकदम धरून पुसता आली असती. तिने एकेक पुसलं. तुटलेल्या ओळी जोडल्या, हाताने घातलेला (ई) काढला. मग सबंध परिच्छेद धरला आणि वर न्यायला लागली. सहाच्या वर, पाचच्या वर, हिस्सा सोडल्याच्या कलमाच्याही वर, जिथे करार सुरू होतो तिथे नेऊन सोडला. त्याला एक नंबर मिळाला. त्याबरोबर खालची सगळी कलमं, दादाच्या वाट्याचा वरचा मजला, धाकट्याच्या वाट्याची गॅरेजची जागा, आईची औषधं, सगळी मुकाट्याने एकेक घर खाली गेली. एक बटण दाबल्यावर आतले उल्लेखही बदलले. जिथे कलम सात होतं तिथे आठ आलं. यंत्राने कसलीही कुरकूर केली नाही. 'बहिणीकडे राहील' याच्या आधी तिने तीन शब्द घातले: 'ती हयात असेपर्यंत'. शब्द टाइप करताना तिला वाटलं होतं की बोटं अडतील. अडली नाहीत. कराराच्या वर तिने एक ओळ लिहिली, की आईच्या सांगण्याप्रमाणे पहिलं कलम घातलं आहे, कुणाला मान्य नसेल तर रविवारी आईसमोर बोलू. आणि तिघांना पाठवून दिलं. पाठवलेलं परत घेता येतं का ते तिने बघितलं. येत नव्हतं.

लोक यायला लागले. दिवे लागले, कुणीतरी खिडकी उघडली. तिने ब्रेकच्या पट्ट्यांचं प्रकरण समोर घेतलं आणि त्यातलं एकही अक्षर वाचलं नाही. फोन वाजला तेव्हा ती त्याच्याकडेच बघत होती. दादा होता. ती जिन्यात गेली.

'अगं,' दादा म्हणाला, 'ती फाइल उघडली मी. सगळे नंबर एकेकाने पुढे गेलेत. तुझ्या खोलीचं पहिलं आलंय.'

'हो.'

वरची ओळ त्याने वाचली असणार, तीन शब्दही वाचले असणार. त्याचा श्वास ऐकू येत होता. मागे वहिनीचा आवाज नव्हता. तो घराबाहेर येऊन बोलत असावा. बोलला तेव्हा आवाज अगदी मऊ होता, तिला घड्याळ दिलं त्या दिवशीचा.

'ते आपोआप झालं असेल ना?' तो म्हणाला. 'त्या तुझ्या नंबरांच्या भानगडीत?'

त्याने तिच्यासाठी दार उघडं धरलं होतं. हो म्हटलं की झालं. तो फाइल परत पाठवील, कुणी काही बोललंच नव्हतं असं होईल, आणि रविवारी ती चहा करील. तिच्या तोंडावर ते हो आलंही होतं, वर्षानुवर्षांच्या सवयीने, नुसतं सोडायचं होतं. तिने जिन्याचा कठडा घट्ट धरला.

'नाही, दादा,' ती म्हणाली. 'मी केलं.'